मुशी मारून माणूस वाचतो का?

मोहन्यात पोरे नदीवर पोहायला निघाली की घरातली मोठी माणसे गाळाची, भोवऱ्याची आणि जलपर्णीची भीती घालतात. शार्कची भीती कोणी घालत नाही. नदीत कुठला आलाय शार्क? पालघर जिल्ह्यातल्या मनोरचे लोकही कदाचित असेच म्हणत असतील. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या वैतरणेच्या खाडीपात्रात मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. जीव वाचला, पण पाय गमवावा लागला.

अशी बातमी आली की पाठोपाठ प्रश्न येतो: हे शार्क शोधून मारून का टाकत नाहीत? या प्रश्नाला हसू नये. समुद्रकिनारी सहलीला जाणारा माणूस भीती वाटली तर पाण्यात उतरणार नाही. ज्याची चूल जाळ्यावर पेटते, त्याला उद्या पहाटे पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे असते. त्याला ‘शार्कपेक्षा अपघातात जास्त माणसे मरतात’ असे ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. त्याचा प्रश्न साधा आहे: मारल्याने माझा धोका कमी होईल का? याचे उत्तर अनुभवातूनच शोधायला हवे, आणि तो अनुभव जगाकडे भरपूर आहे.

हवाई बेटांवर १९५९ ते १९७६ या काळात सरकारी मोहिमांत ४,६६८ शार्क मारले गेले. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा हल्ल्यांच्या प्रमाणात लक्षात येण्याजोगी घट दिसली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात तीन वर्षांत सात माणसे दगावल्यावर २०१४ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने किनाऱ्याजवळ आमिष लावलेले मोठे गळ टाकले. १७२ शार्क गळाला लागले, त्यांतले ६८ मारले. ज्या मोठ्या पांढऱ्या शार्कच्या धास्तीने हे सारे केले, तो त्यांत एकही नव्हता. त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने ही मोहीम पुढे चालवू नये असा सल्ला दिला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार.

असे का होते? मोठे शार्क एका जागी राहत नाहीत, शेकडो किलोमीटर फिरतात. आज इथला मारला तरी उद्या दुसरा येतो, आणि चावला तो कोणता हे ओळखता येत नाही. शिवाय शार्कची वाढ फार सावकाश होते. बांगडा-तारलीसारखी लाखो अंडी तो घालत नाही. नदीत शिरणारी ‘बुल शार्क’ ही जात घ्या. तिची मादी वयात यायला अनेक वर्षे लागतात, गर्भ दहा-अकरा महिने वाढतो आणि पिल्ले होतात जेमतेम दहा-बारा. अशा प्राण्याची संख्या घटवणे सोपे, भरून काढणे कठीण. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याला मुख्यतः बेसुमार मासेमारी कारणीभूत आहे. मोरीचे कालवण आवडीने खाणारे आपणही त्यात थोडे वाटेकरी आहोत.

बुल शार्क नदीत का येतो, हेही समजून घ्यावे. बहुतेक शार्कच्या रक्तात मीठ आणि युरिया भरपूर असते. त्यामुळे गोड्या पाण्यात त्यांच्या अंगात पाणी शिरत राहते आणि त्यांचा निभाव लागत नाही. बुल शार्कचे मूत्रपिंड मात्र हे जादा पाणी पातळ मूत्रावाटे बाहेर टाकते. म्हणून त्याला खारे पाणी चालते, खाडी चालते आणि नदीही. मादी पिल्ले घालायला मुद्दाम नदीमुखाशी येते, कारण तिथे पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी असतात. म्हणजे तो वाट चुकून आलेला पाहुणा नाही. खाडी हे त्याचे माहेरघर आहे.

मग हातावर हात ठेवून बसायचे? नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहराने वेगळा मार्ग धरला. धोक्याचे शार्क किनाऱ्याजवळ पकडायचे, दूर खोल समुद्रात नेऊन सोडायचे. मोहीम चालू असताना हल्ले खूपच कमी झाले. म्हणजे उपाय असू शकतो, आणि त्यासाठी मारावेच लागते असे नाही. पण त्याला सततची गस्त, बोटी आणि पैसा लागतो. आणि पकडून दुसरीकडे सोडणे प्रत्येक प्राण्याला लागू पडतेच असेही नाही, हे महाराष्ट्राने जुन्नरच्या बिबट्यांबाबत पाहिले आहे. तिथे २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली, तसे माणसांवरचे हल्ले वाढले. वर्षाला सरासरी चारवरून ते सतरापर्यंत गेले. प्राण्याचा स्वभाव न जाणता केलेला उपाय उलटतो, मग तो बंदुकीचा असो वा पिंजऱ्याचा.

माझे मत असे, की मुशी मारण्यावर खर्च होईल तो पैसा आणि राग आपण माणसाला वाचवण्यावर लावावा. मोठा शार्क दिसला किंवा जाळ्यात आला, तर ती खबर त्याच दिवशी ग्रामपंचायतीतून खाडीकाठच्या प्रत्येक पाड्यावर पोचली पाहिजे. गढूळ पाण्यात, संधिप्रकाशात एकट्याने उतरणे टाळावे. माशांची घाण आणि कत्तलीचा कचरा माणसे उतरतात तिथे टाकू नये. वाघ, बिबट्या, मगर यांच्या हल्ल्यात सरकार जशी भरपाई देते, तशीच खाडीत पाय गमावलेल्यालाही हेलपाटे न घालता मिळावी.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रक्तस्राव थांबवणे. शार्कच्या चाव्यात माणूस दगावतो तो बहुधा रक्त वाहून गेल्याने. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर हाती मोजकी मिनिटे असतात. माणसाला पाण्याबाहेर काढून आडवे करा. स्वच्छ कापड जखमेवर दाबा आणि दाब सोडू नका. हातापायाचे रक्त तरीही उसळत असेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रुंद पट्टी करकचून आवळा. दोरी किंवा तार नको. बांधल्याची वेळ लक्षात ठेवा, पट्टी वाटेत सोडू नका आणि दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला लावा. साप चावला असेल तर मात्र अशी पट्टी बांधायची नाही, हा फरक विसरू नये. मच्छीमार वस्तीतल्या दहा जणांना एवढे शिकवायला एक दुपार पुरते. हीच शिकवण कारखान्यात, रेल्वेमार्गावर आणि शेतातही जीव वाचवते.

जगभरात शार्कमुळे वर्षाला साधारण दहाच्या आत-बाहेर माणसे मरतात. आपल्या एकट्या देशात बुडून मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला तीस हजारांच्या वर आहे. मनोरच्या त्या तरुणाचे दुःख या तुलनेने हलके होत नाही. पण पाण्यातल्या मरणाचा एवढाच राग असेल, तर मोहन्यात नदीवर निघालेल्या त्या पोरांकडेही बघायला हवे. त्यांना पोहायला नीट शिकवणारे कोणी आहे का? काठावर एखादी दोरी, एखादी हवेची ट्यूब आहे का? बुडालेल्याला बाहेर काढल्यावर तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे तिथल्या किती मोठ्या माणसांना येते? मुशीला मारायला निघण्याआधी या प्रश्नांची उत्तरे आपण द्यायला हवीत.