समजून घ्या : ‘भामटा’ ही शिवी की जात? साचेबद्ध समजुतीतून वंशभेद कसा घडतो?

नागपूर : ‘सायबर भामट्याने निवृत्त शिक्षकाला घातला गंडा’ असे शीर्षक वाचकांना नवे नाही. भामटा म्हणजे फसवणारा, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘भामटा’ हे महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीतले एका समाजाचेही नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्याच नोंदीत ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ अशी पोटनावेही आहेत. ज्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द आहे, त्याला वर्गात हजेरीच्या वेळी काय वाटत असेल, याचा विचार शीर्षक देताना कोणी करत नाही. साचेबद्ध समजूत आणि वंशभेद यांचे नाते समजून घ्यायचे तर सुरुवात या एका शब्दापासून करता येते.

‘स्टिरिओटाइप’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द मुळात छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवरून धातूची एक अखंड पाटी ओतून घ्यायची आणि तीच वापरून हजारो प्रती काढायच्या, या तंत्राला स्टिरिओटाइप म्हणत. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात तो माणसाच्या डोक्यातल्या तयार प्रतिमांसाठी वापरला. समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या गटाची आधीच तयार असलेली पाटी त्याच्यावर छापायची, हा त्याचा अर्थ.

अशा पाट्या प्रत्येकाच्या डोक्यात असतात. अमुक गावचे लोक चिकट, तमुक लोक आळशी, ही शेरेबाजी चहाच्या टपरीवर रोज चालते. एवढ्याने ती वंशभेद होत नाही. त्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ हा समज. दुसरी, तो समज अमलात आणण्याची सत्ता : कायदा, पोलिस, नोकरी, घरमालकी किंवा जमाव. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होते, याचा धडा विदर्भातील फासेपारधी समाजाच्या इतिहासात मिळतो.

शिक्का कोणी मारला?

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर भारतापुरता होता; १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात अधिसूचित झाली, की तिच्यातल्या माणसांची नोंद, हजेरी आणि फिरण्यावर बंधने सुरू होत. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. १९११ च्या कायद्यात बोटांचे ठसे घेण्याची आणि मुलांना आई-वडिलांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. कोणी काय केले, हा प्रश्नच उरला नाही. कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरेसे ठरले.

त्या काळात युरोपातही हीच हवा होती. इटलीच्या सेझारे लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगार’ चेहऱ्यावरून आणि कवटीवरून ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला. विज्ञानाने तो पुढे मोडीत काढला. भारतात तर प्रत्येक जातीचा पिढीजात धंदा असतो, मग चोरीही कोणाचा तरी पिढीजात धंदा असणार, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले. वंशाची कल्पना आणि जातीची चौकट अशी एकमेकांत मिसळली.

पारधी हे नाव ‘पारध’ म्हणजे शिकारीवरून आले; फासे लावून तितर, लावे पकडणारे ते फासेपारधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार गुन्हा ठरली. कायदा गरजेचा होता, पण ज्यांचा धंदा गेला त्यांच्या हाती दुसरे काय द्यायचे, याचे उत्तर फारसे कोणी शोधले नाही.

कायदा गेला, मग अडचण काय?

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’ आणि म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन. त्याची जागा राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली; आपल्याकडचा कायदा १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीपुरता आहे, पण नजर जुनीच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये हे कायदे रद्द करा, असे भारताला सांगितले.

ही नजर किती महाग पडते, ते जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या २००३ मधील हत्याकांडात दिसले. त्यात भटक्या जमातीतील सहा जणांना आरोपी करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच ठोठावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, पण त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पण तोवर सोळा वर्षे गेली होती.

पोलिस ठाण्याबाहेरही तीच पाटी छापली जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. ‘एकदा नाव कानफाट्या पडले की पडले’ अशी म्हण आहे. कानफाटे हे नाथपंथी जोग्यांचेही नाव, हा योगायोग अंगावर येतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फॉरवर्डचा वेग कमी झाला. ‘भटका म्हणजे संशयित’ ही मूळ समजूत मात्र कोणत्याही ॲपच्या अपडेटने जात नाही.

‘आकडेच तसे आहेत’ हा युक्तिवाद खरा का?

‘उगीच नाव पडत नाही, रेकॉर्ड काढून बघा,’ असे उत्तर हमखास मिळते. म्हणून एक साधे गणित पाहू. समजा, दोन वस्त्या आहेत. दोन्हीकडे प्रत्येकी १००० माणसे आणि दोन्हीकडे गुन्हा करणारे २० च, म्हणजे २ टक्के. पोलिसांना पहिल्या वस्तीचा संशय, म्हणून तिथे ५०० जणांची झडती होते. दुसरीकडे फक्त ५० जणांची. सरासरीने पहिल्या वस्तीत १० सापडतील, दुसऱ्या वस्तीत १. गुन्हेगारी सारखीच, पण रेकॉर्डमध्ये पहिली वस्ती दहा पट ‘गुन्हेगार’. पुढच्या वर्षी हेच रेकॉर्ड पाहून बंदोबस्त लागतो आणि पुन्हा तिथेच जास्त सापडतात. समजुतीने आकडे तयार केले आणि आता आकडे समजुतीची साक्ष देतात.

गरिबीतून होणारे गुन्हे कुठेच होत नाहीत, असा याचा अर्थ नाही. पण ज्याच्याकडे जमीन, दाखला, रेशनकार्ड, पक्के घर नाही, त्याच्या परिस्थितीचे कारण रक्तात शोधणे ही चूक आहे.

मग हा वंशभेद म्हणायचा की जातिभेद?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जात म्हणजे वंश नव्हे, असे ठामपणे मांडले होते; भारतातील जाती वेगवेगळ्या वंशांच्या आहेत, हा दावा त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न वंशभेदाच्या चर्चेत आणायला भारत सरकारनेही विरोध केला. दुसरीकडे, भारताने १९६८ मध्ये मान्य केलेल्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वर्ण आणि वंशासोबत ‘कुळ’ म्हणजे जन्माचा वारसाही आहे.

दोन्ही बाजू एकाच मुद्द्यावर येतात. वंश नावाची जीवशास्त्रीय भिंत माणसामाणसांत नाही, हेच बाबासाहेबांचे म्हणणे होते. पण भिंत नसतानाही ती आहे असे धरून वागणूक दिली जाते. ईशान्येकडील विद्यार्थ्याच्या डोळ्यांवरून त्याला परदेशी ठरवणे आणि पारध्याच्या पालावरून त्याला चोर ठरवणे, यांत निमित्त वेगळे, यंत्रणा एकच. नाव काहीही द्या, सोसणाऱ्याला फरक पडत नाही.

आता हा प्रश्न तातडीचा का?

२०२४ मध्ये तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मागास समाजातील माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नयेत. ३ ऑक्टोबरला तुरुंगांतील जातीय भेदभावावरील निकालात न्यायालयाने जातीवर बेतलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले.

तिसरी गोष्ट नागपुरातली. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्व्हल’ ही राज्य सरकारची कंपनी नागपूरच्या आयआयएमच्या सहकार्याने त्याच वर्षी उभी राहिली. तपासाला वेग मिळणार असेल तर त्याचे स्वागतच व्हावे. पण कोणतीही अशी यंत्रणा जुन्या नोंदींवरून शिकते. वरच्या उदाहरणातले रेकॉर्ड तिला दिले, तर ती पहिल्याच वस्तीकडे बोट दाखवेल, आणि संगणकाने सांगितले म्हणून ते निःपक्षपाती वाटेल. १८७१ चा शिक्का निदान कागदावर दिसत तरी होता.

म्हणून तीन मागण्या रास्त ठरतात. पोलिसांच्या कोणत्याही प्रणालीत जात, जमात किंवा वस्ती हा संशयाचा निकष नसल्याची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांकडून व्हावी आणि निष्कर्ष जाहीर व्हावेत. सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा हवाच आहे का, याचा राज्याने फेरविचार करावा. आणि माध्यमांनी ‘पारधी टोळी जेरबंद’ अशी शीर्षके थांबवावीत. इतर कोणाला अटक झाली तर शीर्षकात त्याची जात येत नाही. तोच नियम इथे लागू करायला कायदा, निधी, समिती, काहीच लागत नाही. ‘भामटा’ऐवजी ‘ठग’ लिहिले तरी बातमीचा अर्थ तसूभरही बदलत नाही.