प्रतीक्षा हा उपचार नव्हे!

रात्री बडनेरा आणि अकोला मागे टाकून विदर्भ एक्स्प्रेस मुंबईकडे धावू लागते, तेव्हा तिच्या डब्यांत तोंडाला उपरणे लावून मूक बसलेला एखादा कर्करुग्ण असतोच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार १९४१ पासून देशभरच्या आर्तांसाठी उघडे आहे. पण दार एक आणि येणारे असंख्य, तेथे रांग अटळच! शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहत हा वऱ्हाडी माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी पसरतो. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. नागपूरचे कर्करोग रुग्णालय ज्यांच्या नावाचे, ते तुकडोजी महाराजही याच जिल्ह्याचे, आणि १९६८ साली त्यांचा देह पडला तोही कर्करोगानेच. वऱ्हाडने संत दिले, नावे दिली. वऱ्हाडच्या रुग्णाला मात्र परगावची रांगच मिळाली.

‘धीर धरा, नंबर येईल,’ असे त्याला सांगितले जाते. धैर्य हा सद्गुण खरा, पण व्याधी धीर धरत नाही त्याचे काय? शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. खर्ऱ्याने जबडा आखडलेल्या माणसाला आज भाकरी गिळवत नाही, उद्या पेजही उतरत नाही. वजन घटते, अंगातली शक्ती जाते, आणि ज्या शस्त्रक्रियेसाठी तो थांबला तीच सोसण्याजोगा तो उरत नाही. याला का नियती म्हणायचे?

पैशाचा प्रश्न सुटला, असे शासनकर्ते सांगतील. जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती, हे खरेच. पण योजनेचे कार्ड बिल भागवते, रांग तोडत नाही. रांग तुटते ती शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि किरणोपचार जवळ असल्याने. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली मिळाले; विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले! जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने संघटित समाज काय उभारू शकतो ते दाखवले. परंतु नागपूर अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर दूर आहे.

दोष रात्रंदिवस राबणाऱ्या डॉक्टरांचा नव्हे. दोष रुग्णाला तारीख देऊन विसरणाऱ्या व्यवस्थेचा आहे. प्रतीक्षायादी उघड असावी. तिचा क्रम वशिल्याने नव्हे, व्याधीच्या गतीने ठरावा. तपासण्या जिल्ह्यातच पूर्ण व्हाव्यात. वाट पाहण्याच्या काळात वेदनाशमन आणि गिळता न येणाऱ्यास नळीवाटे अन्न जिल्हा रुग्णालयातच मिळावे. रक्तस्राव झाला, श्वास कोंडला, घोट उतरेना, तर तारखेची वाट न पाहता कोठे धावायचे, हे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिलेले असावे. यासाठी कोट्यवधींच्या इमारती लागत नाहीत, इच्छा लागते.

आणि समाजाने? संतांच्या पुण्यतिथ्या थाटात करणाऱ्या वऱ्हाडने पानठेल्यांवरचा खर्रा मुकाट पाहावा, हा कोणता भक्तिभाव? गाडगेबाबांचा खराटा केवळ रस्त्यांसाठी नव्हता. तो या अनास्थेवर फिरेल, त्याच दिवशी वऱ्हाडच्या रुग्णाची रात्रीची गाडी चुकेल, आणि ती चुकण्यातच त्याचे कल्याण असेल!