लोकसहभागाचे अंडे

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारे अंडे सरकारला झेपेनासे झाले आहे. जानेवारी २०२५च्या शासन निर्णयाने अंडा पुलाव आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक ठरले. ऐच्छिक म्हणजे काय, तर हवे असेल तर करा. अंड्याला आणि साखरेला सरकार पैसे देणार नाही, ते शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभे करावेत. यात वाचणार किती? वर्षाला सुमारे ५० कोटी. राज्याचा अर्थसंकल्प ६ लाख कोटींच्या पुढे गेलेला, निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलेल्या एकाच योजनेचा वर्षाचा खर्च तेव्हा ४६ हजार कोटींचा धरलेला, आणि काटकसर सुरू झाली ती पोरांच्या ताटापासून!

लोकसहभाग! पण हे लोक कोण? समितीत बसतात ते बहुतांश त्याच मुलांचे आईबाप. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात, किंवा कारखाने पेटले की गावेच्या गावे उसाच्या फडावर जातात त्या बीड जिल्ह्यात वर्गणीची वही घेऊन उभे राहायचे तरी कुणाच्या दारात? शहरालगतच्या शाळेला एखादी कंपनी दाता म्हणून सापडेलही. जिथे अंड्याची खरी गरज, तिथे ते पोहोचणार नाही. शेवटी मुख्याध्यापकच खिशात हात घालतील. तांदळाच्या नोंदी आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात ते शिकवतातही, हे मंत्रालयात कुणाला तरी ठाऊक असावे.

कर्मवीर भाऊरावांनीही मुठीमुठीने धान्य गोळा केले होते, असे आता कुणीतरी सुनावेल. जरूर केले. बोर्डिंगातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पण त्यांच्या हाती तिजोरी नव्हती. ज्यांच्या हाती आहे त्यांनी झोळी पुढे करणे हा लोकसहभाग नव्हे, अंग काढून घेणे आहे.

प्राथमिकच्या एका मुलामागे डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन मिळून या निर्णयाच्या वेळी रोजचे ६ रुपये १९ पैसे मिळत होते. एवढ्यात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने द्यायची, असे अन्नसुरक्षा कायदा सांगतो. एका अंड्यातून सहाएक ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात पाणी ओतता येत नाही की भेसळ करता येत नाही. पातळ वरणाचे तसे नसते.

अंडे काहींच्या डोळ्यांत पहिल्यापासूनच खुपत होते. न खाणाऱ्याला केळे देण्याची सोय होतीच, तरीही ४० टक्के पालकांनी हरकत घेतली तर त्या शाळेत कुणालाच अंडे नको, असे फर्मान २०२४मध्येच निघाले. उरलेल्या ६० टक्क्यांना कुणी विचारले? तेव्हा काटकसरीच्या आडून कुणाची मर्जी राखली गेली, हा प्रश्न उठणारच. तामिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते. कर्नाटक अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस देते. तिथे मदत आणण्याची जबाबदारी सरकारने घेतली, गावाच्या गळ्यात बांधली नाही. आणि आपण? अंड्यांचे भाव जाहीर करणाऱ्या समितीचे मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे, एवढ्यावर समाधान मानायचे.

हा सारा स्वयंपाक रांधणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळते. त्यातला केंद्राच्या योजनेतला हजाराचा आकडा २००९पासून हललेला नाही. हेही कुणाला बोचत नाही. गावाने शाळा रंगवावी, गावाने संगणक द्यावा, आता गावानेच अंडे घालावे!

शाळेच्या भिंतीवर आठवड्याच्या आहाराचा तक्ता रंगवलेला असतो. त्यातली अंड्याची ओळ ठेवायची की पुसायची, तेही एकदा परिपत्रक काढून कळवा. रंगाचा खर्च अर्थातच लोकसहभागातून.