वाळलेलं कलम तोडण्याआधी कुणाला तरी दाखवा

मंडळी, आपल्याकडे आंब्यावर बोलायचं म्हटलं की थ्रिप्स, तुडतुडे, अवकाळी आणि वाशीचा दर. सगळी चर्चा मोहोराची आणि पेटीची. झाडाचं कोणी बोलत नाही. चाळीस-पन्नास वर्षांचं कलम उभ्या उभ्या वाळलं तर "भिरूड लागला असेल" म्हणायचं, लाकूडवाल्याला फोन करायचा, विषय संपला.

भिरूड असेलही. पण प्रत्येक वेळी भिरूडच होता, हे तपासतो कोण?

जरा घाटावर बघा. डाळिंबाच्या मर रोगाने सोलापूर, सांगली, नाशिककडच्या किती बागा उपटाव्या लागल्या. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे सिराटोसिस्टिस नावाची बुरशी. ती झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद पाडते. जोडीला खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा. रोगट रोपं, माती, पाणी यांतूनही ती पसरते.

याच बुरशीचं भावंड आंब्याला मारतं. ओमानमध्ये १९९८ च्या सुमारास आंब्याची झाडं अचानक वाळू लागली, पाकिस्तानातही तेच झालं. तिथे ही बुरशी झाडाझाडांत पोचवणारा भुंगेरा जेमतेम दोन मिलिमीटरचा, आंब्याच्या सालीखाली राहणारा, आणि मूळचा आपल्याच दक्षिण आशियातला. उत्तर प्रदेशातल्या आंब्यावरही या बुरशीची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे.

हापूसवर हा रोग आलाय, असं मी म्हणत नाही. घबराट पसरवायची नाही. माझा मुद्दा एवढाच, की उद्या आलाच तर आपल्याला कळणार कसं? मेलेल्या झाडाची आपल्याकडे नोंदच नाही. फळपीक विमा हवामानावर चालतो. रोगाने झाड गेलं तर त्यात काही मिळत नाही, म्हणून पंचनाम्याला कोणी येत नाही. बाग कराराने दिली असेल तर घेणाऱ्याला हंगामाशी मतलब. मालक मुंबईत. मग झाडाकडे बघणार कोण?

आणि लाकूड? ते सालीसकट गाडीत चढतं आणि गावोगाव फिरतं. अमेरिकेत काळ्या अक्रोडाला असाच भुंगेरा आणि बुरशीचा जोडरोग लागला. पश्चिमेकडचा रोग २०१० मध्ये पार पूर्वेला टेनेसीत सापडला, २०१३ मध्ये इटलीत. इवलासा भुंगेरा एवढं अंतर स्वतः उडून जात नाही. सालीसकट हलवलेलं लाकूड हा त्याचा मोठा रस्ता मानला जातो.

तेव्हा बागायतदारांनो, ओळख लक्षात ठेवा. भिरुडाचं भोक मोठं, बाहेर भुसा पडलेला, तार घातली तर अळी सापडते. दुसऱ्या प्रकारात बारीक बारीक भोकं, बुंध्यावर डिंक, साल खरवडली की आत लाकूड काळपट, आणि पानं तपकिरी होऊनही फांदीलाच लटकलेली. डिंक इतर कारणांनीही येतो, म्हणून अंदाज नको, तपासणी हवी. असं झाड दिसलं तर फोटो काढा, कृषी सहाय्यकाला बोलवा, लाकूड बागेबाहेर जाऊ देऊ नका. रोगट फांदीला लावलेली कोयती स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

प्रशासनाकडे मागणी दोनच गोष्टींची. तालुका कृषी कार्यालयात वाळलेल्या कलमांची वही ठेवा. आणि संशयित झाडाचा नमुना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे शेतकऱ्याला हेलपाटे न घालता पोचेल, अशी सोय करा. यासाठी कोटींचं पॅकेज लागत नाही.

हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. पण ते नाव शेवटी झाडावरच लागतं. मोहोर गेला तर एक वर्ष जातं, कलम गेलं तर नातवापर्यंत थांबावं लागतं.

तुमच्या वाडीत गेल्या दोन वर्षांत किती कलमं वाळली? गाव आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. यादी करून कृषी कार्यालयात मी स्वतः नेऊन देतो आणि पोच इथेच टाकतो.