‘अकरा मारून देऊ का?’

लॅपटॉप हळू चालतोय म्हणून दुकानात नेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘दादा, याच्यावर अकरा मारून देऊ का?’ आपल्याकडे फवारा मारतात, तशी विंडोजपण मारतात. काहीशे रुपये, दोन-तीन तासांचं काम आणि स्क्रीनवर नवीकोरी विंडोज ११. तुम्ही खूश, दुकानदार खूश. फक्त एक विचारायचं राहून जातं. उद्यापासून या मशीनकडे बघणार कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्याच्या आदल्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली होती. कापूस, सोयाबीन हातचं गेलेल्या घरात ‘नवा लॅपटॉप लागेल’ हे कोणत्या तोंडाने बोलायचं, ते सेलूतल्या पोरापोरींना मी सांगायला नको. म्हणजे जुनंच मशीन चालवायचं आहे, एवढं नक्की. ते कसं, इथे मतं वेगळी होतात. माझं मत सांगतो.

सपोर्ट संपल्यावर मशीन बंद पडत नाही. काल चालत होतं तसंच आजही चालतं. फक्त नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कंपनी येणार नाही. ती जबाबदारी विंडोज ११ वर मिळते, पण ११ च्या अटी आहेत : टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता गंमत बघा. आय-५ ७२००यू हा प्रोसेसर २०१६ चा, आय-५ ८२५०यू हा २०१७ चा. पहिला नापास, दुसरा पास. सातव्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहे, तरी यादीत नाव नाही. चिपची अट मला पटते, किल्ल्या वेगळ्या कपाटात ठेवल्यासारखं आहे ते. पण पिढीची रेघ जिथे मारलीय, ती कंपनीने आपल्या सोयीने मारलीय असं माझं स्पष्ट मत आहे.

ही रेघ ओलांडता येते. रूफस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली विंडोज ११ ची फाइल त्यातून पेन ड्राइव्हवर टाकताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी काढून टाकता येते. सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मशीन व्यवस्थित पळतं. मग अडचण कुठे? अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलंय. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट सहसा येतात. वर्षाला येणारी मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, तो सगळा खटाटोप पुन्हा हाताने करावा लागतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीने तर प्रोसेसरकडे काही नव्या सूचना समजण्याची मागणी केली. कोअर टू ड्युओवर कुणी जुगाड करून ११ चालवत होतं, त्यांची गाडी तिथेच थांबली. ही आवृत्ती त्या मशीनवर सुरूच होत नाही.

म्हणून मी म्हणतो, हे काम स्वतःला जमत असेल तर खुशाल करा. दुकानातून मारून आणणार असाल तर पुढच्या वर्षी पुन्हा दुकान आलंच. आणि दुकानातल्या पेन ड्राइव्हमध्ये नेमकं काय आहे, ते कधी विचारलंय का? फाइल कुठून आली, तिच्यात कुणी काय घातलंय, दुकानदारालाही बऱ्याचदा माहीत नसतं. वर ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवायचा असेल तर तो पहिली अट घालतो : अँटिव्हायरस बंद करा. घराची कडी काढून मग पाहुणा कोण ते बघायचं. त्याच लॅपटॉपवर तुम्ही महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरता, आधार अपलोड करता, बँकेचं लॉगिन करता. गंमत म्हणजे जुन्या विंडोज १० चं लायसन्स खरं असेल तर त्याच मशीनवर ११ ला ते चालतं. अ‍ॅक्टिव्हेटरची गरजच नसते.

‘आपल्या लॅपटॉपमध्ये आहेच काय चोरण्यासारखं’ म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलीच गोष्ट. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा नवी मुंबईतल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो व्हायरस ज्या भोकांमधून पसरत होता, त्यातल्या एका मोठ्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलं होतं. तो काही सेलू, परभणी असा पत्ता बघून येत नाही. ठिगळ नसलेलं मशीन दिसलं की शिरतो.

घाईत असाल, परीक्षा तोंडावर असेल, तर विंडोज १० वरच थांबायचीही सोय आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही. सांगितलं तर मारायचं काय?

चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर मात्र ११ चा हट्टच नको. पहिला खर्च एसएसडीचा करा. फरक डोळ्याने दिसतो. मग लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वाय-फाय चालतंय का, आवाज येतोय का, सगळं आधी कळतं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही तोच आहे. केरळमध्ये सरकारी शाळांची पोरं उबंटूवर आधारलेल्या सिस्टिमवर शिकतात, तेव्हा ‘लिनक्स इंजिनिअर लोकांचं’ हे कारण काही खरं नाही.

पण उगाच भरीला घालत नाही. टॅली शिकताय, श्रीलिपीत डीटीपीचं काम करताय, टायपिंगच्या परीक्षेची तयारी चाललीय, तर विंडोज लागणारच. काही ऑनलाइन परीक्षांचं नजर ठेवणारं सॉफ्टवेअरही विंडोजच मागतं. आधी तुमच्या कोर्सला काय लागतं ते विचारा, मग ठरवा.

राहिला डेटा. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर, मिंटची तीनच्या आसपास. रोजच्या दीड जीबीत ही फाइल बसवायची कशी, म्हणून तर पोरं दुकानातल्या पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवतात. त्यापेक्षा वर्गात एकाने कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून मूळ साइटवरून एकदाच फाइल उतरवावी, चेकसम जुळतो का बघावं आणि आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह सगळ्यांनी फिरवावा. आपला डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवा. बॅटरी मेलेली असेल तर इन्स्टॉल करायला अशी वेळ निवडा, जेव्हा तुमच्या भागात लाइट जात नाही.