शिफारस आणि जामीनकी

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, घोडबंदर मार्गाच्या कडेला. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. जेथे एके काळी भातशेती होती तेथे आज गगनस्पर्शी इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींतील सदनिकांमधून, कधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर कधी दिवाणखान्याच्या अर्ध्या भागात पडदा ओढून, पोळी-भाजीची केंद्रे, फराळ, मसाले आणि भाजण्या, शिवणकाम, रुखवताच्या वस्तू, पाळणाघरे, ब्युटी पार्लर आणि शिकवण्या असे नाना प्रकारचे व्यवसाय चालले आहेत. हे व्यवसाय चालविणाऱ्या भगिनीच या मासिकाच्या वाचक असून त्यांच्या पत्रांतून अलीकडे एक पृच्छा वारंवार होते. ओळखी वाढाव्यात म्हणून उद्योजिकांच्या दोन-तीन मंडळांत नाव घातले, सभांना नियमाने हजर राहिलो, कार्डे वाटली, व्हॉट्सॲपच्या गटांवर रोज मालाची चित्रे टाकली. एवढे करूनही मागणी जेथल्या तेथेच का, असा त्या पृच्छेचा आशय असतो.

वस्तुतः परस्परांशी संबंध जोडण्याची विद्या आपल्याकडील स्त्रियांना कोणी शिकवावी लागलेली नाही. चैत्रातील आणि संक्रांतीतील हळदीकुंकू, मंगळागौर, भजनी मंडळ, भिशी आणि आता बचत गट या सर्व संस्थांतून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे जोडली, अडीअडचणीला रकमा उभ्या केल्या, लग्ने जुळविली आणि नोकऱ्याही लावून दिल्या. मध्य रेल्वेवर महिला विशेष गाडी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून लोकलच्या बायकांच्या डब्यात साड्या, चटण्या आणि लोणची उधारीवर विकली जात होती, पगाराच्या तारखेस त्यांची वसुली होत होती, आणि डोंबिवलीतील अनेक घरगुती व्यवसायांना पहिले गिऱ्हाईक त्या डब्यातच भेटले. ही पुंजी लहान नाही. परंतु या सर्व वर्तुळांचा एक समान धर्म असा, की त्यांत एकत्र येणाऱ्या स्त्रिया बहुधा एकाच वस्तीत राहतात, एकाच बाजारात सामान भरतात, एकाच प्रकारचा माल करतात आणि एकाच गिऱ्हाइकाकडे आशेने पाहतात. त्यामुळे एकीला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक असते, आणि जे कोणालाच ठाऊक नाही ते त्या वर्तुळात बाहेरून आणील असे कोणी नसते. आठ जणी फराळ करणाऱ्या असतील तर त्या दिवाळीत एकमेकींचा फराळ विकत घेतात, आणि यालाच आपण सहकार्य म्हणतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या विषयाचा मार्मिक विचार केला आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांनी ओळखीतून नवी नोकरी मिळविली होती अशांना त्याने विचारले, की ज्या माणसाने वर्दी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारा, असे सांगणारे शंभरांत सुमारे १७ निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५६, आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे २८. जिवलगापेक्षा दूरच्या परिचिताकडून नवी खबर येण्याचा संभव अधिक, कारण त्याचा वावर आपल्याहून निराळ्या जगात असतो, हा त्याचा सिद्धान्त पुढे जगभर मान्य झाला. त्याने ज्यांना प्रश्न विचारले ते सर्व पुरुष होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. दूरच्या परिचयावर विसंबून व्यवहार करणे पुरुषाला जितके सुलभ, तितके घरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला नसते. अपरिचित इसमाच्या दफ्तरात जाऊन आपला माल दाखविताना तिच्यामागे कोण उभे आहे, हा प्रश्न तिला विचारला जातो आणि तीही तो स्वतःला विचारते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुंबईत, गिरणगावात, पन्नास वर्षांपूर्वी दिले गेले आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. गोवामुक्तीच्या लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताईंना हे ठाऊक होते, की या बायकांजवळ तारण ठेवण्याजोगे काही नाही. दागिने आधीच वाण्याकडे किंवा सावकाराकडे गेलेले, खोली नवऱ्याच्या नावावर किंवा तीही भाड्याची. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते खरे, परंतु बँकेची पायरी चढलेली बाई त्या चाळींत विरळा. तेव्हा मंडळाने बायकांचे गट बांधले आणि गटातील प्रत्येकीच्या कर्जफेडीची जबाबदारी इतर जणींवर टाकली. दागिन्यांच्या जागी शेजारणीचा शब्द तारण म्हणून ठेवला गेला आणि राष्ट्रीयीकृत बँकेने तो स्वीकारला. शेजारीण जामीन राहते तेव्हा ती आंधळेपणाने राहत नाही. ती आधी पाहते, की ही बाई धान्य कोठून आणते, किती माणसांना जेवू घालते, दिलेली मुदत पाळते की नाही. जे चौकशीचे काम बँकेच्या अधिकाऱ्याला कधीच जमले नसते ते चाळीतल्या बाईने केले.

आमच्या मते आजच्या उद्योजिका मंडळांतून नेमकी हीच गोष्ट निसटली आहे. तेथे शिफारस केली जाते ती प्रेमाने, सदिच्छेने, आणि बहुतेक वेळा माल न चाखता किंवा काम न पाहता. ‘ही आपली मैत्रीण आहे, तिला पाठिंबा द्या’ अशा शब्दांनी ज्या गिऱ्हाइकाला एकदा निकृष्ट चकली मिळाली, किंवा मुदतीनंतर चार दिवसांनी पोलके शिवून मिळाले, ते गिऱ्हाईक त्या मैत्रिणीपुरते तुटत नाही. शिफारस करणारीवरील आणि पुढे एकूणच घरगुती मालावरील त्याचा विश्वास उडतो. जी भगिनी दुसरीची शिफारस करते ती तिला जामीन राहते, आणि जामीन राहणाऱ्याला परीक्षा घेण्याचा अधिकार असतो, हे मंडळाच्या शिरस्त्यातच नमूद असले पाहिजे. कोणी कोणास कोणते काम दिले, ते पूर्ण झाले की नाही, पैसे केव्हा वसूल झाले आणि तक्रार आली असल्यास तिचे निवारण कसे झाले, याची नोंदवही ज्या मंडळात नाही, ते मंडळ स्नेहसंमेलन म्हणून कितीही सुखद असले तरी धंद्याच्या उपयोगी पडणार नाही.

परीक्षेचा हा प्रकार कठोर वाटेल, म्हणून लिज्जतचे उदाहरण आठवावे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी, ८० रुपये उसने घेऊन, पापड लाटावयास आरंभ केला. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी दोन गोष्टींवर कटाक्ष ठेवला: देणगी कोणाकडूनही घ्यावयाची नाही, आणि मालाच्या दर्जात तडजोड करावयाची नाही. आजही सभासद भगिनी केंद्रावरून पीठ घरी नेते, पापड लाटून दुसऱ्या दिवशी परत आणते, तेथे ते तपासले जातात आणि प्रमाणात न बसणारे बाजूला काढले जातात. तपासणारीही भगिनी आणि लाटणारीही भगिनीच. ज्येष्ठतेचा किंवा स्नेहाचा मुलाहिजा तेथे चालत नाही, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्या संस्थेतील प्रत्येकीला मालकीचा मान आहे.

अन्नपूर्णाच्या इतिहासात एक दुःखद प्रकरणही आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बेकार झाले, पुष्कळसे गावी परतले. आणि ज्यांचे सर्व गिऱ्हाईक एकाच धंद्यातले होते त्या खाणावळवाल्या बायका एकमेकींस आधार देण्याच्या स्थितीत राहिल्या नाहीत, कारण आघात सर्वांवर एकाच वेळी झाला होता. मंडळाला पुढे केटरिंगसारख्या कामांकडे वळून नवा गिऱ्हाईकवर्ग शोधावा लागला. एकाच इमारतसमूहाच्या ऑर्डरींवर जगणाऱ्या आजच्या मंडळांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

निराळ्या जगातील माणसे भेटावीत म्हणून स्थापन झालेल्या संघटनाही आहेत. इव्हान मिस्नर यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली बी.एन.आय. ही संस्था प्रत्येक शाखेत एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेते आणि दिलेल्या कामाची नोंद ठेवते. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी उभारलेला सॅटर्डे क्लब हाही याच हेतूने चालतो. त्यांची शिस्त अनुकरणीय आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी अशा सभा भल्या सकाळी भरतात, आणि ज्या घरात सातपूर्वी तीन डबे भरावयाचे असतात तेथल्या स्त्रीने त्या वेळी सभेस रुजू व्हावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीचे सुमारे ८०.५ लाख उद्योग देशात नोंदले गेले, आणि त्यांपैकी सुमारे ८३ टक्के एकही पगारी माणूस न ठेवता चालत होते. जी स्वतःच कारागीर, स्वतःच हिशेबनीस आणि स्वतःच माल पोहोचविणारी, तिच्या सभेची वेळ दुपारी दोन ते चार हीच असावयास हवी, आणि मुलांना बरोबर आणण्याची मुभाही तेथे हवी.

आता दोन्ही मानपाड्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या जगाविषयी. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकात उभी राहिली. तिची ओळख शेजारच्या गृहिणींना रसायनांच्या उग्र वासामुळे आणि २०१६ व २०२४ सालांतील भीषण स्फोटांमुळे आहे. परंतु त्याच वसाहतीतील कारखान्यांना कामगारांचे गणवेश शिवून लागतात, कॅन्टीनला पोळ्या लागतात, दिवाळीच्या भेटी लागतात, हे आमच्या किती भगिनींच्या लक्षात आले आहे? ठाण्याकडे वागळे इस्टेटमध्ये लघुउद्योजकांची संघटना आहे, कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात ‘कामा’ ही कारखानदारांची संघटना आहे. मंडळातील एकीचा दीर किंवा मावसबहीण तेथल्या कारखान्यात खरेदी खात्यात असते. तीच ती दूरची ओळख, आणि मंडळाने जामीन राहून तिचा उपयोग करावयाचा. पाचशे पाकिटांची मागणी एका स्वयंपाकघराला झेपत नाही. सात स्वयंपाकघरांनी एकच कृती, एकच वजन आणि एकच वेष्टन ठरविले तर ती झेपते.

अशा व्यवहारात भीड ठेवून चालणार नाही. सोसायटीतल्या काकूंकडे पैशाचा तगादा लावणे अवघड, हे आम्ही जाणतो. परंतु कंपनीकडे तो लावण्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा पाठीशी आहे. माल किंवा सेवा स्वीकारल्यावर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते झाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि फिर्याद ऐकण्यासाठी सुविधा परिषदा आहेत. हे संरक्षण उत्पादन किंवा सेवा करणाऱ्यांस आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांस नाही. आणि त्यासाठी १ जुलै २०२० पासून चालू असलेली उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधी झालेली असावी. ती विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. केंद्र शासनाची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीतील २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी असून, त्यात स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्क्यांची तरतूद आहे; तो दरवाजाही याच दाखल्याने उघडतो.

दिवाळीच्या भेटींचा निर्णय कंपन्यांचे खरेदी खाते आश्विनात घेत नाही. तोवर दरपत्रके मंजूर होऊन गेलेली असतात. ज्या मंडळांना यंदा ही मागणी मिळवावयाची आहे त्यांनी गणपती बसण्यापूर्वी नमुन्याचे पाकीट, वजन व किंमत लिहिलेले दरपत्रक, अन्न नोंदणीचा व उद्यम नोंदणीचा दाखला, आणि मंडळातर्फे पुरवठ्यास कोण जबाबदार राहील त्या भगिनीचे नाव, एवढे घेऊन खरेदी अधिकाऱ्याची भेट मागावी. आणि भेटीस दोघींनी मिळून जावे, एक माल करणारी आणि दुसरी तिला जामीन राहणारी.