सैनिकाचा न्याय कोणीं करावा ?

शिस्त हा सैन्याचा प्राण होय, ही गोष्ट कोणीहि नाकारणार नाहीं. ज्या सैन्यांत हुकूम ऐकला जात नाहीं तें सैन्य नव्हे, तो जमाव होय. आणि शस्त्रधारी जमावाइतकी भयंकर वस्तु जगांत दुसरी नाहीं. म्हणूनच प्रत्येक राष्ट्रानें आपल्या सैनिकांकरितां सामान्य प्रजेहून निराळा व कडक असा कायदा केलेला आहे. सैन्यांत कर्तव्य नीट बजावलें जावें व शिस्त राहावी एवढ्याकरितां सैनिकांचे मूलभूत हक्क कायद्यानें मर्यादित करण्याचा अधिकार आमच्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमानेंहि संसदेस दिला आहे. येथपर्यंत आमचा कोणाशींच वाद नाहीं. आमचा प्रश्न इतकाच आहे कीं, शिस्त मोडल्याचा आरोप ज्यावर आला, त्या सैनिकाचा न्याय कोणीं करावा?

आमच्या विद्यार्थी वाचकांस हा प्रश्न दूरचा वाटूं नये. समजा, एका शिक्षकानें आपणांस अन्यायानें वागविलें अशी तक्रार एखाद्या विद्यार्थ्यानें केली. आणि त्या तक्रारीची चौकशी त्याच शिक्षकाकडे सोंपविण्यांत आली. तो शिक्षक कितीहि सज्जन असला, त्यानें दिलेला निकाल कितीहि बरोबर असला, तरी वर्गांतील एकाहि मुलाचा त्या निकालावर विश्वास बसणार नाहीं. स्वतःच्या प्रकरणांत कोणींहि न्यायाधीश होऊं नये, हें न्यायाचें पहिलें तत्त्व आहे. शाळेंतील शिक्षा फार झाली तर चार दिवसांची. सैनिकाच्या बाबतींत मात्र प्रश्न तुरुंगाचा, नोकरीचा आणि जन्माच्या अब्रूचा असतो.

आमच्या गव्हाण गांवाहून मुंबई बंदर पाण्याच्या पलीकडेच आहे, आणि या प्रश्नाचा इतिहास त्याच पाण्याकांठीं घडलेला आहे. सत्तावन्न सालच्या बंडांत मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन व दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांजवर लष्करी न्यायालयांत फितुरीचा आरोप शाबीत धरण्यांत आला, आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर त्यांस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. तो बंडाचा काळ होता व राज्य परक्यांचें होतें. त्या न्यायाची अधिक चर्चा येथें नको. परंतु त्या बंडानंतरच्या काळांत हिंदी सैन्यामध्यें एका प्रकारच्या न्यायालयानें मूळ धरलें, त्याकडे मात्र लक्ष दिलें पाहिजे. त्यास समरी कोर्टमार्शल म्हणतात. त्यांत पलटणीचा मुख्य अधिकारी एकटाच न्यायालय होऊन बसतो. गोऱ्या सोल्जराकरितां इंग्रजांनीं असें एका माणसाचें न्यायालय ठेविलें नव्हतें. तें हिंदी शिपायापुरतेंच राखलें होतें.

दुसरा प्रसंग १९४६ सालचा. १८ फेब्रुवारी रोजीं कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावरील खलाशांनीं अन्न नाकारलें, आणि पुढें तो वणवा मुंबई बंदरांतील व कराचीपर्यंतच्या जहाजांवर पसरला. राजकीय भावना तर त्यामागें होतीच. परंतु निकृष्ट अन्न आणि तळावरील मुख्य अधिकाऱ्याची शिवराळ भाषा हीं तात्कालिक कारणें होतीं. या भाषेविरुद्ध खलाशांनीं रीतसर तक्रार केली होती; पण ती फिरून त्याच अधिकाऱ्याच्या हातीं आली, आणि खोटी तक्रार करणें हा गुन्हा आहे याची जाणीव त्यानें तक्रारदारांस करून दिली. या प्रकरणाच्या चौकशीकरितां पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारास आयोग नेमावा लागला. दाद मागण्याचा सरळ रस्ता बंद झाला म्हणजे शिस्त दृढ होत नाहीं, उलट ती आंतून पोखरली जाते, हा या प्रसंगाचा धडा होय.

पुढें स्वराज्य आलें. १९५० सालीं आमच्या संसदेनें भूसेनेचा नवा कायदा केला. त्यांत जनरल कोर्टमार्शलकरितां निदान पांच व डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शलकरितां निदान तीन अधिकारी असावे असें ठरविलें. जनरल कोर्टमार्शलमध्यें कायद्याचा सल्ला देण्याकरितां जज्ज-अॅडव्होकेट असलाच पाहिजे असाहि निर्बंध घातला. हें सर्व योग्यच झालें. परंतु त्याच कायद्यांत समरी कोर्टमार्शलहि जसेंच्या तसें राहिलें. त्याचें स्वरूप वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. मुख्य अधिकारी एकटाच न्यायाधीश. दुसरे दोघे अधिकारी किंवा सुभेदार-जमादार हजर असतात. पण ते शपथ घेत नाहींत व त्यांस मत नसतें. आरोपीस सल्लागार बरोबर घेतां येतो. परंतु त्या सल्लागारानें कानांत सांगावें इतकेंच. साक्षीदारास प्रश्न विचारण्याची किंवा न्यायालयापुढें बोलण्याची त्यास मुभा नाहीं. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी अशा न्यायालयांत एक वर्षापर्यंत कारावास देऊं शकतो व नोकरींतून बडतर्फहि करूं शकतो. इतर लष्करी न्यायालयांचा निकाल वरिष्ठानें मंजूर केल्यावांचून कायम होत नाहीं. या निकालास मात्र मंजुरी लागत नाहीं, सामान्यतः तो तत्काळ अंमलांत येतो. आणि हें न्यायालय अधिकाऱ्यांकरितां नाहीं, सुभेदारांकरितां नाहीं. तें केवळ खालच्या दर्जाच्या जवानाकरितां आहे.

बडतर्फ झालेल्या सैनिकास सामान्यतः निवृत्तिवेतन मिळत नाहीं. कोंकणांतील व देशावरील ज्या घरांत एकाच्या पगारावर दहा तोंडें चालतात, त्या घरावर पंधरा वर्षांच्या चाकरीनंतर असा निकाल येऊन पडला तर काय होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

हें भय काल्पनिक नाहीं. रणजित ठाकूर नांवाच्या सिग्नलमननें आपल्या मुख्य अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार ठराविक मार्ग सोडून थेट वरिष्ठांकडे धाडली. त्याबद्दल त्याच अधिकाऱ्यानें त्यास २८ दिवसांची सक्त कैद दिली. कोठडींत असतांना त्यानें जेवणाचा हुकूम मानला नाहीं, म्हणून पुनः समरी कोर्टमार्शल झालें आणि एक वर्षाची सक्त कैद व बडतर्फी अशी शिक्षा झाली. त्या न्यायासनावरहि तोच अधिकारी! १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द ठरविली. पक्षपाताचा संभव उघड आहे आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानें अतोनात आहे, असें सांगून त्यास नोकरींत परत घ्यावयास लाविलें. तत्पूर्वीं १९८२ सालींहि, सैनिकास पुराव्याची फेरतपासणी करून घेण्याकरितां एकहि अपील नसावें ही कायद्यांतील मोठी उणीव आहे, असें याच न्यायालयानें स्पष्ट म्हटलें होतें.

संसदेस या उणिवेची दखल घ्यावयास पंचवीस वर्षें लागलीं. १९९९ सालीं विधि आयोगानें शिफारस केली, २००७ सालीं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला, आणि २००९ पासून तें न्यायाधिकरण काम करूं लागलें. आज त्याचें एक पीठ मुंबईस आहे. तेथें एक न्यायिक सभासद व एक सैन्याचा अनुभव असलेला सभासद असे दोघे बसतात. हें मोठेंच पाऊल होय, आणि ज्यांनीं तें टाकलें त्यांचें आम्ही अभिनंदन करतों. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयाचाहि दरवाजा बंद नाहीं असा निर्णय दिला. तोहि दिलासा आहे.

तथापि घर बांधलें आणि एक दार लावावयाचें राहिलें, तशी ही गोष्ट झाली आहे. समरी कोर्टमार्शलनें बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कारावास दिला असेल तरच न्यायाधिकरणाकडे जातां येतें. त्याहून कमी शिक्षा झालेला जवान बाहेर राहतो. शिवाय न्यायाधिकरणाचा कारभार संरक्षण खात्याकडे आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची तोच घरधनी. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें समरी कोर्टमार्शल हा नेहमींचा मार्ग नव्हे, तो अपवाद आहे. तत्काळ कारवाईस सबळ कारण असेल तेव्हांच तो योजावा, असें बजावलें आहे. परंतु न्यायालयाचें बजावणें हें एकेका प्रकरणापुरतें व उशिरा मिळणारें औषध आहे. रोगाचें मूळ कायद्यांत असल्यामुळें उपायहि कायद्यानेंच झाला पाहिजे.

याजवर एक आक्षेप येतो, आणि तो विचारी लोकांचा असल्यामुळें त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. ते म्हणतात, रणांगणावर वकील व तारखा चालत नाहींत. मुख्य अधिकाऱ्याचा वचक गेला तर पलटण राहणार नाहीं. रणांगणाविषयीं त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. प्रत्यक्ष मोहिमेवर जलद न्यायाची सोय असावीच. किरकोळ चुकांकरितां २८ दिवसांपर्यंत कैद देण्याचा अधिकार मुख्य अधिकाऱ्यास निराळ्या कलमानें आहेच. त्यालाहि आमचा विरोध नाहीं. परंतु शांततेच्या काळांत, छावणीमध्यें, एका माणसानें दुसऱ्याचें आयुष्य एका बैठकींत निकालांत काढण्याची गरज कोणती? आमच्या वायुसेनेच्या कायद्यांत समरी कोर्टमार्शल नाहीं. नौदलांतहि जहाजाच्या कप्तानास एकट्यानें वर्षभराचा कारावास देतां येत नाहीं. या दोन्ही दलांची शिस्त त्यामुळें ढिली पडली आहे असें कोणी म्हणेल काय? बहुतेक अधिकारी न्यायी असतात हेंहि आम्ही मान्य करतों. पण कायदा करावयाचा तो चांगल्या माणसाच्या भरंवशावर नव्हे, तर वाईट माणसाच्या हातीं अधिकार गेला असतां काय होईल हें पाहून.

इतर राष्ट्रांनींहि हाच मार्ग धरला आहे. इंग्लंडनें १९५१ सालीं कोर्टमार्शलवर अपिलाचें न्यायालय निर्माण केलें; आणि एकच वरिष्ठ अधिकारी न्यायालय भरवितो, त्याचे सभासद निवडतो व निकालहि मंजूर करतो, ही रीत १९९७ सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें दोषास्पद ठरविण्यापूर्वींच तेथें कायदा बदलावयास घेतला होता. अमेरिकेनें १९५० सालीं तिन्ही दलांस एकच न्यायसंहिता दिली, आणि २०२१ सालीं कायदा करून कित्येक गंभीर गुन्ह्यांत खटला भरावयाचा कीं नाहीं हा निर्णय सेनापतींकडून काढून स्वतंत्र वकिलांकडे सोंपविला. त्या राष्ट्रांचीं सैन्यें त्यामुळें दुबळीं झालीं नाहींत.

म्हणून आमचें मत असें कीं, संसदेनें १९५० चा कायदा हातीं घेऊन चार सुधारणा कराव्या. समरी कोर्टमार्शल मोहिमेपुरतें ठेवून शांततेच्या काळीं बंद करावें, व तेव्हां निदान तीन अधिकाऱ्यांचें, आणि तेहि दुसऱ्या पलटणींतील, न्यायालय बसवावें. प्रत्येक आरोपीस आपल्या तर्फेनें बोलणारा वकील हक्कानें मिळावा. शिक्षा लहान असो वा मोठी, कोर्टमार्शलच्या प्रत्येक निकालावर अपील असावें, व न्यायाधिकरण संरक्षण खात्याच्या छत्राखालून काढावें. आणि निर्दोष ठरलेल्या माणसाचें प्रकरणहि फेरविचाराकरितां परत पाठविण्याचा जो अधिकार मंजुरी देणाऱ्या वरिष्ठास आहे, तो काढून घ्यावा.

इंग्रजांच्या वेळचें १८६० चें दंडविधान संसदेनें २०२३ सालीं बाजूस सारलें व १ जुलै २०२४ पासून नवी संहिता अंमलांत आणली. सामान्य नागरिकाकरितां जर जुन्या राज्याचा कायदा टाकून देतां येतो, तर त्या नागरिकाच्या रक्षणार्थ बर्फांत उभा राहणाऱ्या शिपायाकरितां कां देतां येऊं नये? आमच्या शाळेंतून निघालेले कांहीं तरुण उद्यां सैन्यांत जातील, कांहीं वकिलीच्या परीक्षा देतील, आणि मत देणारे तर सर्वच होतील. जे अधिकारी होतील त्यांनीं न्यायबुद्धीनें वागावें. परंतु जे मतदार होतील त्यांनीं आपल्या प्रतिनिधीस हा प्रश्न एकदां तरी विचारावा. जो आमच्यासाठीं प्राण द्यावयास सिद्ध आहे, त्यास निःपक्षपाती न्यायाधीश देणें हें उपकाराचें काम नव्हे, तें आमच्यावरील ऋण आहे.